शेवटची पत्रावळ उठेपर्यंत

शेंदूरजनाघाट सोडून वरूडच्या रस्त्याला लागले की डाव्या हाताला भगवंतरावांची संत्र्याची बाग येते, आणि बागेच्या तोंडाशी, एका विस्तीर्ण आंब्याखाली त्यांचे भोजनगृह आहे. त्याला भिंती नाहीत. शेणाने सारवलेली जमीन, वर पानांची दाट सावली, आणि थोड्या अंतरावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा लांबट चर; त्यात रोडगे भाजले जातात. शनिवारी आणि रविवारी दुपारी साडेबाराला येथे एकच पंगत बसते, चाळीस पत्रावळींची. अमरावतीहून, अकोल्याहून, क्वचित नागपूरहूनही माणसे येतात. आठ दिवस आधी सांगून ठेवावे लागते.

फाटकावर एक पाटी आहे. तिच्यावरचा मजकूर भगवंतरावांनी माझ्याकडून लिहून घेतला होता, म्हणून तो मला पाठ आहे : 'येथे सर्वजण एकत्र बसतात आणि शेवटची पत्रावळ उठेपर्यंत कोणी उठत नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी कृपा करून दुसऱ्या दिवशी यावे.'

हा नियम भगवंतरावांच्या मातोश्रींचा, माणिकबाईंचा. पूर्वी या शेतात देवाच्या नावाने रोडग्यांचे गावजेवण होई, तेव्हा आधी घरचे आणि गावातले मोठे लोक जेवत; ते उठून गेले की मग मजुरांची पंगत. एका वर्षी मजुरांच्या वाट्याला करपलेले रोडगे आणि पाणी घालून वाढवलेले वरण आले. माणिकबाईंनी ते पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी सर्वांच्या पत्रावळी एकाच रांगेत मांडल्या आणि सांगितले की शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी हलायचे नाही. त्या रांगेत इंदूबाईंची सासू होती. आज चरावरचे सारे काम इंदूबाईंच्या हाती आहे. निखारा किती पडला, रोडगा कधी फिरवायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय मनकर्णाबाईसुद्धा, म्हणजे भगवंतरावांच्या पत्नी, चराजवळ जात नाहीत. इंदूबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "माही सासू सांगे गुरुजी, त्या दिवशी तिनं पयल्यांदा गरम रोडगा खाल्ला."

त्या पंगतीत सर्वांत शेवटी उठणारा मनुष्य बहुधा मीच असतो. माझे वय एक्याऐंशी. वरूडच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. त्या वयात घाई करायची सवय होती की नाही आठवत नाही, आता मात्र तोंडात दाढा उरलेल्या नाहीत. रोडगा म्हणजे जाड दळलेल्या गव्हाचा, आत तुपाचे थर दिलेला मुठीएवढा गोळा. आतून तो लुसलुशीत असतो, पण त्याचे कवच निखाऱ्यावर चांगलेच कडक होते. ते मी वरणात बुडवतो, भिजण्याची वाट पाहतो आणि मग खातो. लोक माझी वाट पाहतात. सुरुवातीला मला संकोच वाटे. पुढे लक्षात आले की जेवून झालेली माणसे एकमेकांशी बोलू लागतात, आणि कित्येकांची ओळख याच अर्ध्या तासात होते. तेव्हापासून संकोच कमी झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

भगवंतरावांची कन्या अपेक्षा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ती घरी परतली, ती संत्र्याची वाइन करायची असे ठरवूनच. आकाराने लहान म्हणून व्यापारी जी फळे बाजूला टाकतात, त्यांचा रस. परवाना मिळाला, बागेतल्या जुन्या गोदामात दोन टाक्या बसल्या. पहिल्या वर्षीची वाइन कडू झाली, कारण बियांचा आणि पांढऱ्या सालीचा अंश रसात राहिला. दुसऱ्या वर्षीची गढूळ झाली. अमरावतीच्या एका हॉटेलवाल्याने तिचे दोन पेले घेतले, "वा!" म्हटले आणि त्यानंतर फोन उचलला नाही.

मी मद्य घेत नाही, आणि अन्नाच्या पंगतीत ते असावे हे मला प्रथम रुचले नव्हते. तसे मी बोलूनही दाखवले. तेव्हा मनकर्णाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "गुरुजी, तुमी रोज जेवन झाल्यावर दोन चमचे द्राक्षासव घेता. थे काय हिरीतलं पानी हाये का जी?" त्या रात्री मी एकच चमचा घेतला.

परंतु माझे मत खरोखर बदलले ते गेल्या मार्गशीर्षातल्या एका सकाळी. अपेक्षा मला गोदामात घेऊन गेली आणि तिने टाकीचे वरचे झाकण उघडले. "नुसता वास घ्या गुरुजी. पिऊ नका." मी वाकलो. संत्रे सोलताना सालीवर नख लागते आणि क्षणभर एक तुषार उडतो. तो सुवास, आणि त्याच्या मागे पाऊस पडून गेलेल्या बागेचा. या परिसरात मी जन्म काढला, पण फळाचे असे स्मरण मी प्रथमच अनुभवत होतो. झाकण लावून झाल्यावरही मी काही वेळ तेथेच उभा होतो.

ते तिसरे वर्ष होते, आणि तिसऱ्या वर्षाला अर्थ होता. भगवंतरावांनी प्रारंभीच सांगून ठेवले होते, "तीन वर्सं घे. तवरोक बाहेरच्या एका तरी जानकार मानसानं म्हनलं पायजे का हे चांगलं हाये. आपन घरचे त सारेच चांगलं म्हनतो." अपेक्षाने ते मान्य केले होते. चैत्र लागला तेव्हा तिच्याजवळ पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचे नेमणूकपत्र आलेले होते, आणि त्याला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे होते. आदल्या रविवारी रागिणी देवस्थळी नावाच्या बाई पुण्याहून पंगतीला येणार होत्या. पाच-सहा मोठ्या हॉटेलांमध्ये जेवणाबरोबर कोणती वाइन ठेवायची हे त्या ठरवत. त्यांनी होकार दिला तर टाक्या राहणार. नाही दिला तर अपेक्षा पुण्याला जाणार, आणि गोदामात पुन्हा संत्र्याच्या पेट्या लागणार.

त्या रविवारी मी अकरालाच जाऊन बसलो. ऊन असे होते की रस्त्यावरचे डांबर डोळ्यांना ओले दिसत होते. इंदूबाईंनी चर पेटवून निखारा पाडला होता. मनकर्णाबाई वांग्याच्या भाजीला शेवटची फोडणी देत होत्या. अपेक्षा पत्रावळी पुसत होती. एकच पत्रावळ तिने तीनदा पुसली.

"नितेश कुठी हाये?" तिने विचारले.

नितेश तिचा थोरला भाऊ, बागेचा सारा व्यवहार पाहणारा. तो गोदामामागून आला, सदरा भिजलेला, चेहरा उजळलेला. "काम झालं तुहं. वरूडहून बर्फाच्या दोन लाद्या आनल्या. सकाळी सातपासून बाटल्या त्यात गाडून ठेवल्या. हात लावला त बोट चिकटते, अशी थंडी!"

अपेक्षाच्या हातातली पत्रावळ खाली आली. "मी तुले सांगतलं होतं ना, टोपलीत घालून हिरीत सोड, दोन घंटे? बर्फ कायले लावला?"

"पुन्याची बाई येऊन राहिली, या उनात! तिले काय हिरीचं कोमट पाजाचं? लोक काय म्हनतीन?"

त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आमच्या या मुलखात चैत्रापासून पुढे पाहुण्याचा मान गारव्यानेच मोजतात. पाण्याचा तांब्या जितका गार तितका यजमान मोठ्या मनाचा. बहिणीच्या कामासाठी तो पहाटे बर्फाला गेला होता. पण फार गारठलेली वाइन मिटून जाते, तिचा सुवास वर येत नाही, हे मला अपेक्षाने त्याच वेळी सांगितले, अगदी हलक्या आवाजात, आणि तितक्यात फाटकापाशी गाडी थांबली.

रागिणीबाई पन्नाशीच्या होत्या. साधी सुती साडी, बोलणे नेमके. त्यांनी प्रथमच सांगितले की सायंकाळी नागपूरहून विमान आहे, दीड वाजता निघावे लागेल. मनकर्णाबाईंनी त्यांना माझ्या शेजारी बसवले आणि त्यांच्या पलीकडे त्यांच्या गाडीच्या चालकाला. चालक आधी तयार होईना. "बाहेर काहून थांबता? गाडी काय पळून जाते का?" असे इंदूबाईंनी चरावरून ओरडून विचारले, तेव्हा तो बसला.

मी श्लोक म्हटला आणि पंगत सुरू झाली. वांग्याची भाजी, घट्ट वरण, कढी, कैरीची चटणी, मिरचीचा ठेचा. आणि इंदूबाईंनी निखाऱ्यातून काढून, फडक्यावर झटकून, दोन्ही हातांनी फोडून पत्रावळीवर ठेवलेला रोडगा. मनकर्णाबाई तूप वाढत आल्या की थांबत नाहीत. रागिणीबाईंनी हात आडवा धरला तर त्या म्हणाल्या, "हात काढा बाई. गरम तूप हाये, पोयते." चालक खाली मान घालून हसला.

ज्यांनी वाइन मागितली होती त्यांना अपेक्षाने वाढली. रंग फिका सोनेरी, चिंचेने घासलेल्या पितळेसारखा. पेल्यावर बाहेरून बाष्प दाटले होते. रागिणीबाईंनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "दोष काही नाही. पण सांगण्यासारखंही काही नाही हिच्यात."

अपेक्षा हातात बाटली घेऊन उभी होती. "जास्त गार झाली आहे, मॅडम. थोडा वेळ राहू दिली तर..."

"खुलेल." रागिणीबाईंनीच तिचे वाक्य पूर्ण केले, त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता, थकवा होता. "मी जाते तिथे प्रत्येक जण हेच म्हणतो. थांबा, खुलेल. पूर्वी थांबायचे. बहुतेक वेळा काही खुलत नाही."

अपेक्षा "बरं" म्हणाली आणि पुढच्या पत्रावळीकडे वळली. मी शेजारीच होतो, म्हणून मीही किंचित वाकून श्वास घेतला. पेल्यातून कसलाच वास येत नव्हता. मार्गशीर्षातली ती सकाळ कोणीतरी काचेमागे बंद करून ठेवल्यासारखी वाटली.

दीड वाजत आला. एकेकाचे जेवण होत होते. माझ्या पत्रावळीवर अर्धा रोडगा शिल्लक होता. रागिणीबाईंनी घड्याळ पाहिले आणि उठण्यासाठी हात टेकला.

"बसा ना बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काहून उठता? गुरुजींचं व्हाचं हाये अजून."

पुण्याच्या कानांना हे कसे लागले असेल, ते त्यांच्या भुवयांवर दिसले. "अहो, माझं विमान आहे."

"विमान चारच्या आंदर थोडंच उडते? बसा. ताक आनते."

त्या बसल्या, पण पाठ ताठ झाली. नितेश वाढायचे भांडे घेऊन अपेक्षाजवळ आला. मला ऐकू जाऊ नये म्हणून तो कुजबुजला. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही असे तरुणांना नेहमी वाटते.

"जाऊ दे ना तिले. नाराज होऊन राहिली. उभी रायली त कोन काय म्हनते? एक दिवस नियम नाई पाळला त आभाळ पडते का? नाई त गुरुजींले सांग, लवकर आटपा म्हना."

"नाई."

"अवो, तुह्याच कामाचं सांगून राहिलो मी!"

"मले समजते. पन आजीनं त्या लोकायसाठी मांडलेली पंगत मी माह्या कामासाठी मोडू? इंदूमावशी तिकडं उभी हाये. तिच्या तोंडाकडं पाहून सांग."

नितेशने चराकडे पाहिले नाही. तो कढीचे भांडे घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

मी मात्र अस्वस्थ झालो. या मुलीचे सारे भवितव्य माझ्या नसलेल्या दाढांपाशी अडले आहे, असे मनात आले. मी रोडग्याचा एक तुकडा तसाच कोरडा तोंडात टाकला. तो गिळेना, ठसका लागला. पाणी पिऊन मी म्हणालो, "झाले माझे. पोट भरले." आयुष्यात पंगतीत बसून खोटे बोलण्याचा हा माझा पहिला प्रसंग.

अपेक्षा माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने पत्रावळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. वरणाचे भांडे जवळ ओढून तिने त्या अर्ध्या रोडग्यावर गरम वरणाचा मोठा पळा ओतला.

"सावकाश, गुरुजी. भिजू द्या."

एवढेच म्हणून ती उठली. मी हात मांडीवर ठेवला आणि रोडगा भिजण्याची वाट पाहू लागलो. पंगतीत गप्पा सुरू झाल्या होत्या. अकोल्याचे एक जोडपे आणि वलगावचा एक शेतकरी ज्वारीच्या पेऱ्यावर वाद घालत होते. चालकाने रागिणीबाईंना विचारले, "मॅडम, हे आपल्याकडे का नाही करत? सगळे एकदम?" त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. करण्यासारखे काही उरले नव्हते. विमानाची काळजी करून झाली होती, ताकही संपले होते. आंब्याखालीसुद्धा हवा तापलेली होती, आणि पेल्याच्या बाहेरचे बाष्प केव्हाच वाळून गेले होते. त्यांचा हात सहज, विचार न करता, त्या पेल्याकडे गेला.

त्यांनी घोट घेतला आणि तो गिळायला त्यांना वेळ लागला. मग पेला त्यांनी नाकाशी धरला, आणि तसाच धरून ठेवला.

मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. वाऱ्याची एक लहानशी झुळूक आली आणि तिच्याबरोबर नख लागलेल्या सालीचा तो सुवास माझ्यापर्यंत आला. मी डोळे मिटले. गोदामातली सकाळ होती ती, जशीच्या तशी.

"अपेक्षा," रागिणीबाईंनी प्रथमच तिला नावाने हाक मारली. "तुम्ही दुसरी ओतलीत का यात?"

"नाही. तीच आहे."

"मघाशी ही अशी नव्हती."

"नव्हती. बर्फात होती." अपेक्षाने भावाकडे पाहिले. नितेशने कढीचे भांडे उगाच ढवळायला घेतले.

पत्रावळीवरचा वांग्याचा एक तुकडा रागिणीबाईंनी रोडग्याच्या चुऱ्याबरोबर खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला. मग मला विचारले, "गुरुजी, तुम्हाला अजून किती वेळ लागेल?"

"पाच-सात मिनिटे," मी अपराध्यासारखा म्हणालो.

"घाई करू नका."

माझा रोडगा संपला तेव्हा दोनला पाच कमी होते. मी पत्रावळ दुमडली. त्याबरोबर चाळीस माणसे एकदम उठली, आणि जेवणाऱ्यांच्या तृप्त आवाजांनी आंब्याची सावली भरून गेली. रागिणीबाई उठल्या नाहीत. पेल्यात दोन बोटे वाइन उरली होती.

"आता काहून बसल्या, बाई?" मनकर्णाबाईंनी विचारले. "सारे उठले. आता तुमीच नियम मोडून राहिल्या!"

रागिणीबाई हसल्या, मोकळ्या, प्रथमच. "शेवटची पत्रावळ माझी आहे, असं समजा."

त्या तिथेच, जमिनीवर, अपेक्षाला शेजारी बसवून बोलत राहिल्या. किती बाटल्या आहेत, पुढच्या वर्षी किती होतील, सालीचा अंश किती ठेवला, असे पुष्कळ प्रश्न. भगवंतराव दूर खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते आणि आपण ऐकत नाही असे दाखवत होते. शेवटी रागिणीबाईंनी वही काढून लिहिले आणि लिहिलेले वाचून दाखवले : 'संत्र्याची वाइन, शेंदूरजनाघाट. सर्व हॉटेलांत ठेवावी. बर्फात घालू नये. पेला भरून अर्धा तास पाहुण्यांना भाजलेल्या पदार्थांसोबत बसू द्यावे.'

"अर्धा तास हॉटेलात कोण बसेल?" अपेक्षाने विचारले.

"एखादे गुरुजी शोधावे लागतील," त्या म्हणाल्या.

भगवंतरावांचा अडकित्ता थांबला. ते उठून चराजवळ गेले, इंदूबाईंशी काही बोलले, आणि इंदूबाईंनी चार रोडगे फडक्यात बांधून गाडीत नेऊन ठेवले. "विमानात खा. ते काय खाले देते, मले ठाऊक हाये," असे त्या म्हणाल्या; त्या विमानात कधी बसलेल्या नाहीत. विमान मिळाले, असे नंतर कळले. तासभर उशिरा सुटले होते.

सोमवारी सकाळी अपेक्षा माझ्या घरी आली. पुण्याच्या कंपनीला नकार कळवायचा होता, आणि तो नम्र असावा, पण त्यात खेदाचे एकही अक्षर असू नये, अशी तिची अट होती. आम्ही दोघांनी मिळून तीन वाक्यांचे पत्र केले. दुसरे वाक्य मला किंचित लांब वाटत होते. तिने ते तसेच राहू दिले.

जाताना ती दारात थांबली. "गुरुजी, पुढच्या रविवारी येता ना?"

"येईन. पण नितेशला सांग, मला उशीर होतो म्हणून कोणी खोळंबू नये..."

"त्यानं काल साऱ्या बाटल्या हिरीत सोडल्या," ती म्हणाली. "अन् तुमच्यासाठी इंदूमावशीले सांगून ठेवलं, रोडगा थोडा जास्त कडक भाज म्हनून."